चाचे पकडले, पुढे काय? 'रुएन' प्रकरणाचा अभ्यास

१६ मार्च २०२४ रोजी, भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर, 'एमव्ही रुएन' या मालवाहू जहाजावरच्या ३५ सोमाली चाच्यांनी भारतीय नौदलापुढे शस्त्रं टाकली. ओलीस ठेवलेले १७ खलाशी सुटले आणि कुणाला साधं खरचटलंही नाही. हवाई दलाच्या सी-१७ विमानातून समुद्रात उतरणाऱ्या नौदलाच्या मार्कोस कमांडोंचे व्हिडिओ दोन दिवस नवी मुंबईतल्या प्रत्येक दर्यावर्दी ग्रुपवर फिरत होते. तसे ग्रुप इथे थोडेथोडके नाहीत. बेलापूरच्या इमारतींत मजल्यामजल्यावर जहाजांना खलाशी पुरवणाऱ्या क्रूइंग एजन्सी आहेत, करावेला 'टीएस चाणक्य' ही नौवहन प्रशिक्षण संस्था आहे, खाडीपलीकडे उरणला न्हावा शेवा बंदर आहे, आणि नेरूळ-खारघरच्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी 'जहाजावर' असतं.

अनेक वर्षं जहाजावर नोकरी करून मी आता जहाज सुरक्षेचे कोर्स शिकवतो. प्रत्येक बॅचला हे प्रकरण घेतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, त्यात आपलं कोण होतं?" कुणीच नव्हतं. मालकी बल्गेरियन कंपनीची, झेंडा माल्टाचा, खलाशी बल्गेरिया, म्यानमार आणि अंगोलाचे. एकही भारतीय नाही. म्हणूनच तर हे प्रकरण अभ्यासाला चांगलं. आपली माणसं अडकलेली असली की नौदल का गेलं हे विचारावंच लागत नाही. इथे ते विचारावं लागतं, आणि उत्तर शोधताना कळतं की शेवटचे चाळीस तास हा या गोष्टीतला समजायला सर्वांत सोपा भाग आहे. अवघड भाग दोन, त्याआधीचे तीन महिने आणि त्यानंतरचं सगळं.

डिसेंबर: तीन नौदलं, तरीही जहाज हातचं गेलं

२०१७ च्या मार्चमध्ये 'एरिस १३' हे टँकर पळवलं गेलं, त्यानंतर सोमाली चाच्यांना मोठं व्यापारी जहाज पळवता आलं नव्हतं. धोका ओसरला असं धरून जहाज उद्योगानं १ जानेवारी २०२३ पासून हिंदी महासागरातलं 'हाय रिस्क एरिया' हे क्षेत्रच रद्द केलं. कागदावरून धोका गेला की खर्चालाही कात्री लागते. सशस्त्र गार्ड कमी झाले, डेकभोवतीची काटेरी तार कित्येक जहाजांवर गोदामात गेली. मग १९ नोव्हेंबर २०२३ ला येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज ताब्यात घेतलं. ते जहाज गुजरातेत पिपावावला निघालं होतं. जगभरच्या युद्धनौकांचं लक्ष तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या बाब-अल-मंदेबकडे वळलं. कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून पाठवायला सुरुवात केली आणि सोमालियाच्या पूर्वेकडचा समुद्र एकीकडे वर्दळीचा, दुसरीकडे कमी पहाऱ्याचा झाला. चाच्यांना आणखी काय हवं?

१४ डिसेंबरला सोकोत्रा बेटाच्या पूर्वेला, भर अरबी समुद्रात 'रुएन'वरून मदतीची हाक आली. अनोळखी माणसं जहाजावर चढली होती. हा संदेश व्यापारी जहाजांच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या ब्रिटनच्या यूकेएमटीओ केंद्राच्या व्यवस्थेतून सगळ्यांना कळला. भारतीय नौदलाचं पी-८आय टेहळणी विमान तिथे पोहोचलं, एडनच्या आखातात गस्तीवर असलेली 'आयएनएस कोची' तिकडे वळली. जवळच चाचेगिरीविरोधी कामावर असलेल्या जपानी युद्धनौकेशी समन्वय झाला आणि पुढे युरोपीय संघाच्या 'अटलांटा' या चाचेगिरीविरोधी मोहिमेतली स्पॅनिश फ्रिगेट 'व्हिक्टोरिया' आली. एका जहाजामागे तीन देशांची नौदलं लागली आणि तरीही 'रुएन' त्यांच्या डोळ्यांदेखत सोमालियाच्या किनाऱ्याकडे निघून गेलं.

इथे वर्गात कुरबुर सुरू होते. इतक्या तोफा असून उपयोग काय? याची कारणं दोन. पहिलं सिटाडेल. हल्ला होतोय असं दिसलं की खलाशांनी आत जाऊन बंद करून घ्यायची ती पोलादी खोली. आतून इंजिन बंद करता आलं पाहिजे आणि बाहेरच्या जगाशी बोलता आलं पाहिजे. सगळा क्रू आत असेल आणि दार टिकलं, तर बाहेरच्या कमांडोंना मोकळं रान मिळतं, कारण डेकवर जो दिसेल तो चाचाच. 'रुएन'चं सिटाडेल चाच्यांनी फोडलं. सगळे १८ जण ओलीस झाले, एक जखमी झाला आणि हल्ला करून सोडवण्याचा पर्याय तिथेच संपला.

दुसरं कारण कायद्याचं. संयुक्त राष्ट्रांच्या समुद्री कायद्याच्या १०५ व्या कलमानं भर समुद्रात चाच्यांचं जहाज कुठल्याही देशाच्या नौदलाला पकडता येतं, पण किनाऱ्यापासून १२ नॉटिकल मैलांच्या आत त्या त्या देशाची सत्ता. २००८ मध्ये सुरक्षा परिषदेच्या १८१६ क्रमांकाच्या ठरावानं परदेशी नौदलांना सोमालियाच्या या पट्ट्यात चाच्यांचा पाठलाग करायची मुभा दिली होती. ती वेळोवेळी वाढवली गेली आणि मार्च २०२२ मध्ये सोमालियाच्या अनिच्छेमुळे संपली. चाच्यांना कलमं पाठ नसतील, पण किनाऱ्याजवळ गेलं की पाठलाग थांबतो एवढं त्यांना पक्कं ठाऊक असतं.

हाती एकच गोष्ट लागली. १८ डिसेंबरला चाच्यांनी जखमी खलाशाला सोडलं. 'कोची'नं त्याला घेतलं, उपचार केले आणि पुढे ओमानमध्ये किनाऱ्यावर सोपवलं. बातम्यांत याला दोन ओळी मिळाल्या. बल्गेरियन कंपनीचं जहाज, भारतीय युद्धनौकेवरचा दवाखाना, ओमानचं रुग्णालय. नौदल सहकार्य म्हणतात ते बहुतेक वेळा असंच, कंटाळवाणं आणि वेळेवर झालेलं काम असतं.

जानेवारीत याच्या अगदी उलट घडलं. ४ जानेवारी २०२४ ला 'लीला नॉरफोक' या मालवाहू जहाजावर चाचे चढले. २१ जणांचा क्रू, त्यांत १५ भारतीय, सगळे सिटाडेलमध्ये, आणि दार टिकलं. दुसऱ्या दिवशी 'आयएनएस चेन्नई'वरचे मार्कोस चढले तेव्हा जहाजावर एकही चाचा उरला नव्हता. दोन प्रकरणं शेजारी ठेवली की माझं अर्धं शिकवणं संपतं. महिन्यातून एकदा उरकायचा म्हणून उरकलेला सिटाडेल ड्रिल पुढच्या सगळ्या नौदलांचे हात मोकळे ठेवतो किंवा बांधून टाकतो. कॅडेट मुलांना हे पटतं. चीफ मेट, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालचे मुख्य अधिकारी, झाल्यावर ते विसरतात, हा माझा अनुभव.

मार्च: जहाज बाहेर आलं

चाच्यांनी 'रुएन' तीन महिने किनाऱ्याजवळ दाबून ठेवलं. त्यांच्या छोट्या होड्यांना, ज्यांना आम्ही स्किफ म्हणतो, शेकडो मैल आत जाता येत नाही. त्यासाठी मदर शिप लागतं, म्हणजे होड्या, डिझेल आणि माणसं वाहून नेणारं मोठं जहाज. बहुधा ते मच्छीमारांचं पळवलेलं धाऊ, म्हणजे अरबी धाटणीचं गलबत, असतं. इथे आयतं मोठं मालवाहू जहाज हाताशी होतं. १२ मार्चला मोझांबिकहून कोळसा घेऊन संयुक्त अरब अमिरातीकडे निघालेलं बांगलादेशी 'एमव्ही अब्दुल्ला' २३ खलाशांसह पळवलं गेलं. त्यासाठी 'रुएन' वापरलं गेलं असावं, असं युरोपीय मोहिमेनं म्हटलं.

हाव नडली ती इथे. शिकारीसाठी 'रुएन' भर समुद्रात आलं आणि १०५ वं कलम पुन्हा लागू झालं. १५ मार्चला 'आयएनएस कोलकाता'नं त्याला गाठलं. माझगाव डॉकमध्ये बांधलेली ही विनाशिका. जहाजावर नक्की कोण आहे हे पाहायला तिनं ड्रोन सोडलं, ते चाच्यांनी गोळ्या घालून पाडलं आणि युद्धनौकेवरही गोळीबार केला. पुढची पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. 'कोलकाता'नं मोजक्या माऱ्यात 'रुएन'चं सुकाणू आणि दिशादर्शक यंत्रणा निकामी केली. आत १७ ओलीस असताना जहाज जागच्या जागी उभं करणं हे नेमबाजीपेक्षा संयमाचं काम आहे. किनाऱ्याकडे पळायची वाट बंद झाली आणि मग वेळ नौदलाच्या बाजूनं धावू लागला.

'आयएनएस सुभद्रा' येऊन मिळाली. वर पी-८आय आणि लांब पल्ल्याचं ड्रोन घिरट्या घालत राहिलं. १६ तारखेला सी-१७ नं भारतातून उड्डाण करून दोन रबरी बोटी आणि मार्कोस समुद्रात उतरवले. चाळीस तासांच्या दबावानंतर चाच्यांनी नांगी टाकली. बल्गेरियाचे अध्यक्ष रुमेन रादेव यांनी जाहीर आभार मानले.

'अब्दुल्ला'चं काय झालं? भारतीय आणि युरोपीय युद्धनौका त्याच्याही मागावर होत्या. पण ओलिसांच्या जिवाला धोका नको म्हणून मालकांनी बोलणीची वाट धरली आणि १४ एप्रिलला खंडणी देऊन जहाज सोडवलं. त्यांना नावं ठेवायला मी तयार नाही. ज्याचा मुलगा तिथे आहे त्याला 'चाच्यांपुढे झुकू नका' हे किनाऱ्यावर बसून सांगणं फार सोपं असतं. मात्र झेंड्याचा देश, म्हणजे जिथे जहाजाची नोंदणी आहे तो, आणि मालक यांची इच्छा ही कारवाईची खरी किल्ली असते, हे या दोन जहाजांवरून दिसतं. महिन्याभराच्या आत, एकाच समुद्रात, जवळजवळ त्याच टोळ्यांच्या हातून एका जहाजाची सुटका कमांडोंनी केली आणि दुसऱ्याची पैशांनी.

आघाडीत नाही, पण फोनवर आहोत

अमेरिकेनं १८ डिसेंबर २०२३ ला तांबड्या समुद्रासाठी 'प्रॉस्पेरिटी गार्डियन' मोहीम जाहीर केली. भारत तीत सामील झाला नाही, युरोपच्या 'अस्पायडेस'मध्येही नाही. त्यावरून टीव्हीवर बरीच आरडाओरड झाली. मला तो निर्णय बरोबर वाटतो. हुथींवर बॉम्ब टाकणाऱ्यांच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा एडनचं आखात आणि अरबी समुद्र राखणं भारतीय खलाशांच्या जास्त फायद्याचं होतं. २३ मार्चला नौदलानं या तैनातीचे शंभर दिवस मोजले तेव्हा १८ घटनांना प्रतिसाद आणि ११० जणांचे जीव वाचवल्याची नोंद होती, त्यांत ४५ भारतीय खलाशी. २६ जानेवारीला हुथी क्षेपणास्त्रानं पेटलेल्या 'मार्लिन लुआंडा'वर २२ भारतीय होते. ती आग विझवायला 'आयएनएस विशाखापट्टणम'चे जवान चढले, तेव्हा मदतीला फ्रेंच आणि अमेरिकी नौकाही होत्या. आघाडीचा करार लागला नाही.

त्याऐवजी लागते ती माहिती, आणि तिची किंमत भारतीय नौदलानं फार कडवटपणे शिकली आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये 'आयएनएस तबर'नं एडनच्या आखातात चाच्यांचं मदर शिप बुडवल्याची बातमी आली, तेव्हा इथेही टाळ्या वाजल्या होत्या. नंतर कळलं की ते 'एकावत नावा ५' नावाचं थाई मासेमारी जहाज होतं, नुकतंच पळवलेलं, आणि त्याचे खलाशी बांधलेल्या अवस्थेत त्यावरच होते. चाच्यांनी आधी धमकावलं आणि गोळीबार केला, हे नौदलाचं म्हणणं होतं. पण ते जहाज ओलिसांनी भरलेलं आहे, ही खबर 'तबर'पर्यंत पोहोचलेली नव्हती. २०२४ मध्ये 'रुएन'वर कोण, किती, कुठल्या देशाचे हे आधीच माहीत होतं. या दोन तारखांच्या मध्ये बहरीनमधल्या 'शेड' या नौदलांच्या समन्वय बैठका आहेत, २०१२ पासून भारत, चीन आणि जपाननं आपापल्या संरक्षणाखाली जाणाऱ्या व्यापारी जहाजांच्या काफिल्यांची वेळापत्रकं एकमेकांशी जुळवून घेणं आहे, आणि डिसेंबर २०१८ मध्ये गुरुग्रामला सुरू झालेलं आयएफसी-आयओआर हे माहिती केंद्र आहे, जिथे मित्रदेशांचे अधिकारी एकाच छताखाली बसतात. सीमेवर एकमेकांना भिडणारे भारत आणि चीन एडनच्या आखातात काफिल्यांच्या वेळा वाटून घेतात, हे वर्गात सांगितलं की मुलं हसतात. पण खरं आहे.

बंदरावर उतरल्यावर

आता प्रकरणाचा तो भाग, ज्याचा व्हिडिओ कुणी फॉरवर्ड केला नाही. पकडलेले ३५ जण ठेवायचे कुठे? अनेक नौदलांनी वर्षानुवर्षं यावर काढलेला तोडगा म्हणजे हत्यारं समुद्रात टाकायची, होडीत पुरेसं डिझेल ठेवायचं आणि सोडून द्यायचं. खटला चालवायला कुणी तयार नसतं, म्हणून. युरोपीय संघानं केनिया, सेशेल्स आणि मॉरिशसशी हस्तांतराचे करार केले ते याच अडचणीतून.

भारतालाही ही अडचण नवी नव्हती. नोव्हेंबर १९९९ मध्ये 'आयएनएस प्रहार' आणि तटरक्षक दलानं 'अलोन्द्रा रेनबो' हे अॅल्युमिनियम घेऊन निघालेलं आणि नाव बदलून पळवलेलं जपानी मालकीचं जहाज अरबी समुद्रात पकडलं. जगभर कौतुक झालं. २००३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयानं इंडोनेशियन आरोपींना सात वर्षांची शिक्षा दिली आणि २००५ मध्ये उच्च न्यायालयातून ते सुटले. भारतीय दंड संहितेत चाचेगिरी हा गुन्हाच नव्हता. चोरी-दरोड्याची कलमं आणि ब्रिटिश काळातले जुने कायदे जोडून तो खटला उभा केला होता.

२०११ च्या पहिल्या तीन महिन्यांत नौदल आणि तटरक्षक दलानं चार कारवायांत १२० सोमाली चाचे पकडून मुंबईत आणले. त्यांच्या ताब्यातली जहाजं होती 'प्रंतलाय १४', 'प्रंतलाय ११', 'वेगा ५' आणि एक इराणी जहाज. या चाच्यांना ठेवलं गेलं ते खारघरपलीकडच्या तळोजा कारागृहात. सोमालियाच्या किनाऱ्यावर सुरू झालेल्या गुन्ह्याचं शेवटचं टोक असं नवी मुंबईत येऊन अडकलं. भाषा कळणारा दुभाषा आणायचा कुठून, साक्षीदार असलेले थाई आणि म्यानमारचे मच्छीमार पुन्हा मुंबईत कसे आणायचे, आरोपींची नावं-वयं कुणाकडून पडताळायची? २०१७ मध्ये त्यांतल्या एका खटल्यातल्या १५ जणांना सात वर्षांची शिक्षा झाली, तोवर त्यांनी सहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता.

म्हणून २०२२ चा सागरी चाचेगिरीविरोधी कायदा मला सी-१७ पेक्षा मोठी गोष्ट वाटते. तो फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला, म्हणजे 'रुएन'च्या अपहरणाच्या जेमतेम दहा महिने आधी. चाचेगिरीची व्याख्या आंतरराष्ट्रीय कायद्याशी जुळवली गेली, भर समुद्रातल्या गुन्ह्यावर भारतीय न्यायालयाचा अधिकार स्पष्ट झाला, जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठरली. २३ मार्च २०२४ ला 'कोलकाता' ३५ जणांना घेऊन मुंबईत आली आणि यलो गेट पोलिसांनी त्यांचा ताबा घेतला, तो या कायद्याच्या आधारानं. एप्रिलच्या सुरुवातीला 'आयएनएस त्रिशूल'नं आणखी नऊ जण आणून दिले. इराणी मासेमारी बोट 'अल-कंबर' आणि तिच्यावरचे २३ पाकिस्तानी मच्छीमार सोडवताना पकडलेले.

कायद्यात एक गाठ मात्र राहिली आहे. चाचेगिरीत कुणाचा जीव गेला तर मृत्युदंडाची तरतूद आहे, आणि मृत्युदंडाची शक्यता असेल तिथे युरोपीय देश आरोपी सोपवत नाहीत. म्हणजे 'रुएन' भारताऐवजी स्पेनच्या फ्रिगेटनं पकडलं असतं, तर ते ३५ जण मुंबईत येणं अवघड होतं. समुद्रात तीन देशांची जहाजं शेजारी शेजारी चालतात, न्यायालयाच्या दारात मात्र ती वेगळी होतात. साक्षीदारांचा प्रश्नही तसाच आहे. खलाशाची नोकरी करारावर चालते. सुटका झालेल्या म्यानमारच्या माणसानं पुढचं जॉइनिंग सोडून मुंबईच्या न्यायालयात का यावं, त्याचा पगार कुणी द्यावा? ही बाब विमा आणि क्रूच्या करारातच बसवायला हवी, असं माझं मत आहे. सरकार-सरकारांच्या संयुक्त निवेदनांतून ती सुटणारी नाही.

या सगळ्याची हद्द कुठे संपते, तेही त्याच वसंतात दिसलं. १३ एप्रिल २०२४ ला होर्मुझजवळ इराणच्या रिव्होल्यूशनरी गार्डनं हेलिकॉप्टरमधून उतरून 'एमएससी एरिज' ताब्यात घेतलं. हे कंटेनर जहाज आपल्याच न्हावा शेवाला निघालेलं. २५ खलाशांत १७ भारतीय. बेलापूरच्या एजन्सींचे फोन त्या रविवारी खणखणत राहिले. जिथे एकही भारतीय नव्हता तिथे कमांडो उतरले होते, आणि जिथे १७ होते तिथे नौदल काही करू शकलं नाही. कायद्यात चाचेगिरी म्हणजे खासगी स्वार्थासाठी केलेलं कृत्य. एखाद्या देशाच्या सैन्यानं जहाज धरलं की ते राजकारण होतं, आणि तिथे दूतावासाचा माणूस लागतो. एक भारतीय कॅडेट १८ एप्रिलला परतली, पाच जण ९ मे रोजी सुटले, बाकीच्यांना वाट पाहावी लागली.

नोव्हेंबर २०२५ मध्ये गुजरातेतल्या सिक्काहून डर्बनला निघालेल्या 'हेलास अफ्रोडाइट' टँकरवर सोमालियाच्या पूर्वेला पुन्हा चाचे चढले. २४ जणांचा क्रू सिटाडेलमध्ये गेला, दार टिकलं, आणि दुसऱ्या दिवशी स्पेनची तीच 'व्हिक्टोरिया' येऊन पोहोचली. सगळे खलाशी सुखरूप बाहेर आले. चाच्यांनी मदर शिप म्हणून वापरलेलं इराणी धाऊही पुढे सापडलं. त्यावर त्याचे मच्छीमार होते, चाचे आधीच निघून गेले होते. त्यामुळे त्यांना कुठल्या देशाच्या न्यायालयात उभं करायचं, हा प्रश्न या वेळी कुणालाच सोडवावा लागला नाही.